मोरीत जमावे

नाव: श्री. भालचंद्र केशव घारपुरे. वय: सत्तेचाळीस वर्षे तीन महिने. हुद्दा: सेक्शन ऑफिसर, केंद्र सरकारचे एक कार्यालय, ज्याचे नाव दिल्याने कोणाच्याही ज्ञानात भर पडणार नाही. मूळ गाव: मिरज. हल्लीचा पत्ता: सरकारी क्वार्टर, तळमजला, एन. एच. चार, फरीदाबाद. कुटुंब: पत्नी एक, कन्या एक. ओळखीची खूण: एप्रिल ते जून मान पश्चिमेकडे वळलेली. वादळाचा पूर्वानुभव: एक प्रसंग. त्यातील जीवितहानी: एक, स्वतःची नव्हे. पुढील प्रसंगासाठी पूर्वतयारी: परिपूर्ण.

हे वर्णन त्यांना दाखवलं असतं तर त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली असती. ‘परिपूर्ण’च्या आधी ‘लेखी स्वरूपात’ घाला.

तो पूर्वानुभव एकसष्ट सालचा. दिल्लीत नोकरीला लागून तीन आठवडे झाले होते. जूनमधली दुपार, बसस्टॉप, मागे एक अर्धवट बांधलेली भिंत, आणि भिंतीच्या सावलीला एक ककडीवाला. भालचंद्रराव त्याच्या शेजारी उभे होते, कारण तेवढीच सावली होती. वारा एकाएकी थांबला. आकाश हळदीच्या रंगाचं झालं, मग विटकरी झालं, आणि मग त्याला काही रंगच उरला नाही. डोळ्यांत धूळ गेली म्हणून ते चाचपडत चार पावलांवरच्या नळाशी गेले. डोळे धुऊन वळले तेव्हा भिंतीचा वरचा भाग ते उभे होते तिथे पडला होता. ककडीवाल्याची टोपली तेवढी दिसत होती. ककड्यांवर त्याने नुकतंच शिंपडलेलं पाणी अजून सुकलं नव्हतं.

त्यांनी घरी पत्र लिहिलं. ककडीवाल्याचं लिहिलं नाही. मोठं वादळ झालं एवढंच कळवलं. आईचं उत्तर आलं: ‘वादळाचे कळले. पाऊस पडला का? पडला असल्यास डोके कोरडे ठेव.’ ते वाचून भालचंद्ररावांच्या ध्यानात आलं की आई ज्याला वादळ म्हणते ते वेगळं आणि हे वेगळं. मिरजेचं वादळ ढग घेऊन, गडगडाट करून, रीतसर कळवून येई. इथलं कोरडं होतं. ते पूर्वसूचना न देता येई आणि वरून विटा टाकी. इथल्या वादळात पाऊस नसतो, असा निष्कर्ष त्यांनी त्या दिवशी काढला. पुढे बरेचदा आंधी सरल्यावर पाऊस पडलाही; पण तो त्यांच्या लेखी दुसऱ्या फायलीतला विषय होता.

पुढची बावीस वर्षं त्यांचा उन्हाळा असा गेला: मार्च संपला की झोप पातळ होई. एप्रिलमध्ये गच्चीच्या कठड्यावरच्या कुंड्या खाली उतरत. कूलरला लोखंडी स्टँडशी तारेने बांधलं जाई, स्टँडला खिडकीच्या गजांशी, आणि गज भिंतीत पक्के आहेत ना हे हलवून पाहिलं जाई. सगळी कॉलनी गच्चीवर खाटा टाकून झोपे. घारपुऱ्यांच्या खाटा अंगणात असत, भिंतीपासून मोजून आठ फुटांवर. रेशनकार्ड, पॉलिसी आणि वृंदाचा जन्मदाखला पत्र्याच्या ट्रंकेत, ट्रंक पलंगाखाली. टॉर्च उशाशी. वारा पडला की तळहात गार पडत. फाइलवर सही करता करता ते थांबत आणि खिडकीकडे बघत. समोरचा क्लार्क म्हणे, “सर, अभी तो धूप है.” ते म्हणत, “हां, वही तो.”

“तुम्हाला बघून आंधीच घाबरत असेल,” सुनंदाबाई म्हणत. “येते ती बिचारी दबकत.”

त्यांना विटेची गोष्ट ठाऊक होती. ककडीवाल्याची नव्हती.

त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यात एका कारखान्याच्या शेडचा पत्रा उडाला आणि कॉलनीच्या पार्कमधल्या कडुनिंबात जाऊन रुतला. जमिनीपासून वीस फुटांवर तो आडवा अडकून राहिला. वारा आला की त्यातून करकर आवाज येई. लोक दोन दिवस बघायला आले, मग विसरले. भालचंद्ररावांनी त्या पत्र्याची लांबी नजरेने मोजली, त्याला धार कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं, आणि नऊ वर्षांची वृंदा रोज संध्याकाळी कुठे खेळते तेही पाहिलं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरासाठी सर्क्युलर काढलं.

जा.क्र. घर/वादळ/१. विषय: वादळप्रसंगी कुटुंबीयांनी घ्यावयाची दक्षता. मसुदा मराठीत, तोही शुद्ध. त्याला कारण होतं. वृंदाचं मराठी दिवसेंदिवस हातचं चाललं होतं. ‘आई, मला भूक लागली आहे’ इथपर्यंत ठीक. त्यापुढे ‘माझा पेन्सिल गुम झाला’ सुरू होई. निदान घरातले कागद तरी मराठीत असावेत, असं त्यांनी ठरवलं. म्हणून आंधी नाही, वादळ. छत नाही, गच्ची. चौथ्या कलमात आधी ‘बाथरूम’ लिहिलं होतं. क्वार्टरमध्ये खिडकी नसलेली ती एकच जागा, चारी बाजूंना भिंती, वर सिमेंटचा स्लॅब. पण तो इंग्रजी शब्द शुद्ध मराठी कागदात डाळीतल्या खड्यासारखा लागत होता. त्यांनी तो खोडला. कलम चार तयार झालं: ‘पश्चिमेचे आकाश विटकरी होताच सर्वांनी विनाविलंब मोरीत जमावे व पुढील आदेश होईपर्यंत बाहेर पडू नये.’

सुनंदाबाई कणीक मळत होत्या. त्यांनी वाचलं.

“मोरी? अहो, मोरी मिरजेला होती. भांडी घासायला बसायचे मी तिथे. हे बाथरूम आहे.”

“मराठीत मोरीच म्हणतात.”

“मग आजवर कोणी म्हटलं? रोज सकाळी तुम्ही काय ओरडता, ‘मोरीत कोण आहे?’”

“बोलणं वेगळं. लेखी वेगळं.”

“बरं. द्या इकडे.” कागदाच्या तळाशी ‘वाचले, समजले’ असं होतं आणि पुढे सहीसाठी जागा. सुनंदाबाईंनी सही केली. तिथे कणकेचं बोट उमटलं.

वृंदाने मात्र मन लावून वाचलं, अक्षरावर बोट ठेवून. चौथ्या कलमापाशी ती थांबली.

“बाबा, मोरीत?”

“हो. तीच सगळ्यात सुरक्षित जागा.”

“आत पाणी असला तर?”

असलं तर, म्हणून त्यांनी दुरुस्त केलं. मुलगी विचार करते हे पाहून त्यांना बरं वाटलं. “असलं तर पाय वर घेऊन बसायचं.”

“चप्पल घालून जायचं?”

“घाल. पाय घसरतो.”

“आणि तुम्ही पण येणार? तुम्ही मावणार?”

“सगळे मावतात,” ते म्हणाले. वृंदाला ते पटलेलं दिसलं नाही, पण तिने सही केली. कागद स्वयंपाकघराच्या दाराला टाचला गेला. सराव रविवारी ठरला. रविवारी सुनंदाबाईंची मावसबहीण नोएडाहून आली, आणि सराव तहकूब झाला.

वरच्या मजल्यावर दिनकर गायकवाड राहत. नगरचे ख्रिस्ती, त्याच ऑफिसात, हिशेबाच्या शाखेत. मीठ मागायला खाली आले तेव्हा त्यांनी दारावरचं सर्क्युलर वरवर पाहिलं.

“घारपुरे, प्रत वादळाला पाठवली का? त्यालाही कळू दे, आपण कुठे असणार ते.”

“तुम्हीसुद्धा खाली या, तसं झालं तर.”

“मी येतो. पण अर्ज तीन प्रतींत करू की दोन?”

सात जूनला मंगळवार होता. रेडिओने सकाळी सांगितलं होतं की धूल भरी आंधी चलने की संभावना है. पण ते तो महिनाभर रोजच सांगत होता. दुपारी साडेतीनला ऑफिसच्या खिडकीबाहेर कावळे गप्प झाले. भालचंद्ररावांनी मान वळवली. पश्चिमेला, कारखान्यांच्या चिमण्यांमागे, जमिनीपासून वरपर्यंत एक भिंत उभी होती. ती विटकरी होती आणि पुढे सरकत होती.

तळहात गार पडले. पण न सांगता उठून जाणं त्यांच्याने झालं नाही. त्यांनी कागद ओढला आणि ‘घरगुती कारणास्तव अर्ध्या दिवसाची रजा’ असा अर्ज लिहिला. ‘कारणास्तव’मधला ‘स्त’ नीट आला नाही, तो गिरवला. त्यात तीन मिनिटं गेली. ती तीन मिनिटं त्यांना पुढे फार वर्षं पुरली.

सायकलवरून घर पंधरा मिनिटं. दहा मिनिटांनी उजेड गेला. वारा अंगावर आला तेव्हा सायकल आडवी झाली. ती तिथेच टाकून ते धावले. तोंडात माती, कानांत शिट्टी. कुठूनतरी पत्रे आपटत होते आणि प्रत्येक आवाजाला त्यांची मान आपोआप खांद्यांत जात होती. भिंतींपासून आठ फूट, आठ फूट, असं मनाशी म्हणत ते रस्त्याच्या मधोमध धावले. घराचं दार त्यांना दिसलं नाही, हाताला लागलं.

आत अंधार. दिवे गेले होते. खिडक्या लावलेल्या, फटींना ओले टॉवेल, सगळं सर्क्युलरप्रमाणे. बाथरूमच्या दाराखालून टॉर्चचा उजेड येत होता. त्यांनी दार ढकललं. सुनंदाबाई पालथ्या बादलीवर बसल्या होत्या, मांडीवर ट्रान्झिस्टर.

“आलात बाई एकदाचे! वृंदा कुठाय?”

“वृंदा कुठाय म्हणजे?”

“तुम्हाला आणायला कोपऱ्यापर्यंत गेली असेल. मघाशी आकाश बघून ओरडली, आई, कलम चार! आणि चपला घालून पळाली. मी म्हटलं, अगं कुठे? तर म्हणाली, बाबांनी सांगितलंय तिथेच, तू पण ये.”

“तिथे म्हणजे इथे ना?”

“इथेच की. म्हणून तर मी आल्ये.” आणि मग सुनंदाबाईंचा चेहरा बदलला. “अहो, ती बाहेर पळाली.”

भालचंद्ररावांनी वरच्या मजल्याकडे हाक मारली. वाऱ्यात ती वर पोचली नाही, म्हणून जिना चढून दार बडवलं. दिनकर दाढदुखीने घरी होते. गालाला मफलर बांधून उभे राहिले. वृंदा तिथे नव्हती. दोघे खाली आले. दिनकरांनी टॉर्च घेऊन दारावरचा कागद वाचला, मोठ्याने, दुखऱ्या दाढेमुळे अडखळत.

“सर्वांनी विनाविलंब मोरीत... कोणती मोरी?”

“मोरी म्हणजे मोरी! बाथरूम!”

“घारपुरे.” दिनकरांनी मफलर गालावरून सोडला. “इथे मोरी कोणाला म्हणतात ठाऊक आहे का? सगळी पंजाबी पोरं म्हणतात. पार्कच्या टोकाला, पुलियाखाली तो नाल्याचा पाइप आहे ना, सिमेंटचा? त्यांचा बॉल जातो तिथे. लपाछपीत शिरतात त्यात. ती मोरी.”

आत पाणी असला तर? पाय वर घेऊन बसायचं. तुम्ही मावणार? सगळे मावतात.

विचार केला तर मुलीची निवड चुकीची नव्हती. वर रस्ता, चहूबाजूंनी सिमेंट, खिडकी नाही, काच नाही, झाड नाही. सर्क्युलरमधली प्रत्येक अट ती जागा पुरी करत होती. पावसाबद्दल सर्क्युलरमध्ये कलम नव्हतं.

आणि तेवढ्यात अंगणातल्या कूलरच्या पत्र्यावर टप् असा एक आवाज झाला. मग दुसरा. मग मोजता येईनात.

बावीस वर्षांत भालचंद्रराव आंधीत घराबाहेर पडले नव्हते. आता ते पडले तेव्हा दार लावायचंही राहिलं. पाऊस आडवा येत होता, चिखलाचा; धूळ हवेतच भिजत होती. पार्कमधला कडुनिंब नुसत्या आवाजावरून कळत होता. त्यातली करकर थांबली होती, म्हणजे पत्रा सुटला होता. तो कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. वीज चमकली की त्यांना सगळीकडे पत्रे दिसत. पायाखालचं पाणी त्यांच्यापुढे धावत होतं. पार्कचं, गल्लीचं, चारी ब्लॉकचं पाणी एकाच दिशेने चाललं होतं, आणि तेही तिकडेच चालले होते, आणि पाणी जास्त वेगात होतं.

पुलियापाशी ते गुडघ्यांवर बसले. पाइपाच्या तोंडात पाणी घुसत होतं, पानं, पिशव्या, एक चप्पल. चप्पल कोणाची ते कळायच्या आत ती आत गेली.

“वृंदा!”

आपलाच आवाज आपल्याला आला नाही. ते पालथे होऊन आत शिरले. हनुवटी सिमेंटवर आपटली. पाइप अडीच फुटांचा असेल. खांदे दोन्हीकडे घासत होते, आणि मागून येणारं पाणी पाठीवर साचत होतं, कारण आता पाइपाला त्यांचंच बूच बसलं होतं. हात पुढे केला. बोटांना कापड लागलं. ओलं, गार, न हलणारं. त्यांनी ते मुठीत धरलं आणि त्यांना ओढवेना. ओढलं तर कळणार होतं. किती वेळ ते तसे राहिले हे नंतर त्यांना सांगता आलं नाही. मग त्यांनी ओढलं. ते गोणपाट होतं.

“बाबा?”

आवाज त्याच्या पलीकडून आला, हातभर अंतरावरून.

“बाबा, ऑर्डर आला का?”

ती पाठ एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला टेकवून पाइपात आडवी अडकून बसली होती. पाणी कमरेला लागलं होतं. पाय वर होते.

“ये! इकडे ये!”

“पण आंधी संपली नाही. आवाज येतो.”

“नाही संपली. तरी ये.”

“लिहिलंय की पुढील आदेश—”

“हाच आदेश आहे! हाच, हाच!” सत्तेचाळीस वर्षांत भालचंद्रराव इतक्या मोठ्याने कधी ओरडले नसतील, आणि ओरडता ओरडता ते रडत होते, पण पाइपात ते कोणाला दिसण्यासारखं नव्हतं.

तिचं मनगट हाती आलं. मागे सरकायचं म्हणजे पाण्याविरुद्ध. टाचा बाहेर आल्या तेव्हा कोणीतरी त्या धरून ओढलं: दिनकर, ओला मफलर गळ्यात. आधी वडील निघाले, मग मुलगी. परत जाण्याची सोय नव्हती. पार्कमधून काहीतरी मोठं, चपटं, उलटंपालटं होत रस्त्यावरून गेलं आणि त्याचा आवाज लांबवर जात राहिला. आडोसा एकच होता, पुलियाचा कठडा. तो विटांचा होता. भालचंद्ररावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी मुलीला दिनकरांच्या बाजूला ढकललं, स्वतः तिच्या आणि कठड्याच्या मधे पाठ घातली, आणि वीस मिनिटं डोकं दोन्ही हातांत धरून विटा मोजत बसले. वीट पडली नाही.

“काका,” वृंदा दिनकरांना विचारत होती, “आई का नाही आली? आईने पण साइन केली होती.”

दिनकरांनी गळ्यातला मफलर काढून तिच्या डोक्याला गुंडाळला.

घरी आल्यावर सुनंदाबाई रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. त्यांनी मुलीचे केस पुसले, पुन्हा पुसले, कोरडे झाल्यावरही पुसत राहिल्या. नवऱ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. “मोरी,” एवढंच म्हणाल्या, आणि टॉवेल पिळला.

त्या संध्याकाळी मेणबत्तीच्या उजेडात भालचंद्ररावांनी सुनंदाबाईंना ककडीवाल्याची गोष्ट सांगितली. टोपलीपर्यंत सांगितली. सुनंदाबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. तो गार होता, आणि बराच वेळ गारच राहिला. बाहेर हवा छान झाली होती. सगळी कॉलनी गच्चीवर खाटा नेत होती.

दुसऱ्या दिवशी दारावर नवा कागद लागला. अक्षर नेहमीसारखं नव्हतं. ओळी उजवीकडे उतरत गेल्या होत्या. जा.क्र. घर/वादळ/२. शुद्धिपत्र. ‘दि. २१ मेच्या परिपत्रकातील कलम ४ मध्ये “मोरीत” याऐवजी “बाथरूममध्ये” असे वाचावे.’ खाली तीच ओळ, वाचले, समजले, आणि सह्यांसाठी जागा. सुनंदाबाईंनी सही केली. दिनकरांनी आपणहून केली. वृंदाने कागद दोनदा वाचला, अक्षरावर बोट ठेवून, आणि काही न विचारता सही केली.

सहीच्या आधी तिने ‘समजले’ हा शब्द पेन्सिलीने खोडला होता.